आधी काडी, मग चंदी

पंढरपूरच्या स्टेशनात बार्शी लाइटची छोटी गाडी यायची त्या काळात टांगेवाल्याच्या घरात पहिलं ताट घोड्याचं असायचं. घरात पीठ नाही हे शेजारणीला सांगायला आजी लाजायची नाही, पण चंदीचा डबा रिकामा झालाय हे आबा कुणाला कळू द्यायचे नाहीत. टांगेवाल्याची पत त्या डब्यावर होती. दुकानदार हरभरा उधार द्यायचा तो घोड्याची पाठ बघून, आबांचं तोंड बघून नव्हे.

कुर्डुवाडीहून ती नॅरोगेज १९०६ साली पंढरपूरला पोचली. पुढं आबांच्या वडिलांनी टांगा घेतला आणि आमच्या घराचं पोट घोड्याच्या पोटाला बांधलं गेलं. स्टेशनावरून वारकरी घ्यायचे, घाटावर सोडायचे. घाटावरून गोपाळपूर, विष्णुपद करून परत आणायचे. आता तिथं ब्रॉडगेज आहे आणि स्टेशनाबाहेर रिक्षांची रांग. रिक्षाला सीएनजी भरला की झालं. तिनं काल काय खाल्लं, किती प्याली, सकाळी पोट साफ झालं का, याची चौकशी कुणाला करावी लागत नाही. आबांचा निम्मा दिवस याच चौकशीत जायचा.

त्याला कारण होता पाखऱ्या. कुमाईत रंगाचा, बुटका, काटक तट्टू. भीमथडीचा, असं आबा छातीठोकपणे सांगायचे. भीमेच्या खोऱ्यातली ही घोडी मराठ्यांच्या फौजांनी नावारूपाला आणली. अलीकडे भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून सरकारी मान्यता मिळाली. आबा असते तर त्यांनी अड्ड्यावर पेढे वाटले असते. पाखऱ्या कामाला वाघ आणि पोटाला नाजूक. चढावर टांगा अडला तर छातीनं ओढून काढेल, पण चाऱ्यात जरा इकडचं तिकडं झालं की संध्याकाळी पोट धरून उभा. म्हणून त्याच्या खाण्याचे कायदे घरातल्या लहानथोरांना तोंडपाठ होते. पहिला कायदा : आधी काडी, मग चंदी.

पहाटे आबा उठायचे तेव्हा आधी बादलीभर पाणी. ते पिऊन झालं की कडब्याची नाहीतर हरळीची पेंढी. पाखऱ्या ती चघळत असताना खरारा व्हायचा, नालांत अडकलेले खडे निघायचे, टांग्याला वंगण लागायचं. अर्धा-पाऊण तास असा गेला की मगच तोबरा. तोबऱ्यात रात्रभर भिजवून निथळलेला हरभरा, मूठ-दोन मुठी गव्हाचा कोंडा आणि चिमटीपेक्षा बरंच जास्त मीठ. एका वेळी शेरभराच्या वर चंदी कधी नाही. दिवसाची चंदी तीन-चार वेळांत वाटलेली, आणि रात्री झोपताना पुन्हा नुसता चारा. रात्रभर गव्हाणीत काहीतरी काडी-कचपट असलंच पाहिजे, यावर आबांचा कटाक्ष.

उपाशी पाखऱ्या चंदीवर तुटून पडायचा. त्यावर आबांनी भीमेतले मुठीएवढे गुळगुळीत गोटे आणून गव्हाणीत टाकले होते. गोट्यांमधून दाणा शोधत, जिभेनं गोटा बाजूला सारत खायला लागायचं. आपोआप खाणं सावकाश व्हायचं. आज माझा पुतण्या नायलॉनच्या बारीक भोकांच्या जाळीत गवत भरून टांगतो. जाळी विकत आणलेली आहे, तिला इंग्रजी नाव आहे. काम गोट्यांचंच.

‘माणूस वकून मोकळा हुतो,’ आबा म्हणायचे, ‘घोड्याला ती सोय देवानं ठिवली न्हाई.’ हे त्यांनी पुस्तकात वाचलेलं नव्हतं, पण वाक्य खरं आहे. घोड्याच्या अन्ननलिकेचं जठराकडचं तोंड इतकं घट्ट मिटतं की आत गेलेलं वर येत नाही. जठरही अंगाच्या मानानं लहान. भल्या मोठ्या घोड्याचं जठर ८ ते १५ लिटरचं, तट्टाचं त्याहून कमी. मोकळ्या रानातला घोडा दिवसाचे सोळा-सतरा तास तोंड हलवत असतो, थोडं थोडं खात असतो, आणि त्याच्या जठरात आम्लही चोवीस तास पाझरत असतं. चारा चघळताना सुटणारी लाळ ते आम्ल मारते. चारा नाही तर लाळ नाही. म्हणजे टांग्याला दिवसभर जुंपून ठेवायचं आणि रात्री एकदम घमेलंभर दाणा पुढं ओतायचा, हा त्या जनावराच्या घडणीवरच घाव झाला.

खरं जेवण पचतं ते मागे. आंधळं आतडं आणि मोठं आतडं यांत कोट्यवधी जिवाणू असतात. ते गवत-कडब्याचा चोथा आंबवतात, आणि त्यातून घोड्याला ताकद मिळते. दाण्यातलं पिठूळ सत्त्व त्याआधी लहान आतड्यात पचायला हवं. एका वेळी दाणा जास्त झाला की न पचलेलं पीठ पुढं सरकतं, नको ते जिवाणू माजतात, आम्ल वाढतं, वायू धरतो. पोट तर दुखतंच, वर पायही धरले जातात. खुरांच्या आतला भाग सुजून घोडा अवघडून उभा राहतो. आताचे डॉक्टर सांगतात, एका वेळी दाणा वजनाच्या अर्ध्या टक्क्याच्या वर जाऊ देऊ नका. ३०० किलोच्या तट्टाला तो दीड किलो होतो. आबांचा शेर त्याच्या आतच बसतो.

आबांना जिवाणू ठाऊक नव्हते, पण त्यांना एकदम बदल करणं मंजूर नव्हतं. नवा कडबा आला तरी जुना आठवडाभर त्यात मिसळायचा. पहिल्या पावसानं माळ हिरवा झाला की इतर पोरं जनावरं मोकळी सोडायची. पाखऱ्याला मात्र आधी कोरडी पेंढी आणि मग घटकाभर चरणं. कोवळ्या गवतावर पोट फुगतं, एवढं आबांना पुरेसं होतं. चारा बदलला की आतड्यातल्या जिवाणूंची वस्तीही बदलावी लागते आणि तिला आठवडा-दोन आठवडे लागतात, हे मला फार उशिरा एका डॉक्टरांकडून कळलं.

पंढरपुरात आणखी एक शत्रू होता : वाळू. चंद्रभागेचं वाळवंट वारकऱ्यांना पवित्र, पण घोड्याच्या आतड्यात ते किलोकिलोनं साचतं. जमिनीवर टाकलेला चारा, काठावरची उपटून आणलेली हरळी, उथळ पाण्यातून मारलेले घोट, सगळ्यांतून वाळू जाते. ती जड, तळाशी बसते, आतडं खरवडते आणि एक दिवस वाट अडवते. गवतवाल्या बायका हरळीच्या पेंढ्या घेऊन अड्ड्यावर यायच्या. मुळासकट उपटलेली हरळी वजनाला भरायची, म्हणून बायकांना ती परवडायची आणि आबांना खपायची नाही. घासाघीस व्हायची. अखेर पेंढी घरी आली की आबा ती मुळांच्या बाजूनं दगडी जोत्यावर आपटायचे. फट्, फट्, फट्. जोत्यावर वाळूचा पातळ थर पसरायचा. मग पेंढी पाण्यात बुचकळून, उलटी टांगून निथळायची. दोन पेंढ्यांपायी एवढा खटाटोप बघून अड्ड्यावरचे लोक हसायचे. ‘आबा, आंघोळ घाला, आता गंधबी लावा,’ असं कुणी म्हणालं की आबा म्हणायचे, ‘तुझ्या घोड्याची लीद आन, दावतो.’

लीद दाखवणं ही त्यांची खास विद्या. रोज सकाळी लीद गोळा करताना आबा त्यातला एखादा गोळा अंगठ्यानं फोडून बघायचे. गोळा ओलसर, फोडला की मोकळा होणारा, आतला चोथा बारीक चावलेला, असा असला की दिवस बरा. अख्खे हरभरे निघाले तर दात बघायचे. काड्या लांबच्या लांब निघाल्या तरी दातच. गोळे लहान, कडक, वर चकचकीत आवरण धरलेले असतील तर पाणी कमी पडलंय. त्या दिवशी कोमट पाण्यात कोंडा आणि मीठ जास्त. वाळूचा संशय आला तर लीद पाण्यात कालवून लोटी थोडा वेळ ठेवायची आणि हळूच पाणी ओतून तळ बघायचा. आज हीच परीक्षा डॉक्टर रबरी हातमोज्यात करतात. मोज्यात लीद आणि पाणी घालून तो टांगून ठेवतात. वाळू बोटांच्या टोकांत उतरते.

कडब्याचंही असंच. शेजारीच मंगळवेढा. तिथल्या काळ्या रानातल्या मालदांडी ज्वारीचं नाव मोठं, तिला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या शाळूचा कडबा गोड, पानांनी भरलेला. तरी आबा पेंढी सोडून बुडखे वेगळे काढायचे. जाड, चिवट बुडखे म्हशीवाल्याला, पानं आणि शेंडे पाखऱ्याला. कोरडा, राकट चारा आणि कमी पाणी असा योग जुळला की मोठ्या आतड्याच्या अरुंद वळणावर बोळा बसतो. उन्हाळ्यात टांगेवाल्यांच्या घोड्यांना धरणारा पोटशूळ बहुधा याच जातीचा असणार. उजनीचं पाणी आलं तसा या भागात ऊस वाढला, शाळू मागं हटला. आज कडबा महाग आणि उसाचं वाढं हाताशी. गाडीबैलांना ते चालतं. घोड्यापुढं मात्र वाढ्याचा ढीग टाकला की पुतण्याचं तोंड आबांसारखं होतं.

कामाचा आणि चंदीचा मेळ आषाढीला पणाला लागायचा. वारीचे ते दिवस म्हणजे वर्षाची कमाई. पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत फेऱ्या. घोडा दमतोय म्हणून बरेच जण चंदी दुप्पट करायचे आणि ती घाईघाईत एकदाच चारायचे. आबा टांग्याच्या मागं पेंढी बांधून ठेवायचे. सवारी उतरली की चार काड्या, पुढची भरेपर्यंत आणखी चार. चंदी वाढवायची तर वेळ वाढवायच्या, माप नाही. पौर्णिमेला गोपाळपुरात काला झाला की गर्दी ओसरायची आणि पाखऱ्या दोन-तीन दिवस दावणीला विसावायचा. तेव्हा आजीला वाटायचं, बिचारा एवढा राबलाय, आता चार घास जास्त खाऊ दे. आबा त्याच दिवशी चंदी निम्म्यावर आणायचे. ‘बसल्या घोड्याला काडी, पळत्या घोड्याला चंदी,’ हा दुसरा कायदा. पोटाखेरीज याला आणखी एक कारण आहे. सुटीच्या दिवशी पूर्ण दाणा खाऊन उभ्या राहिलेल्या घोड्याला दुसऱ्या दिवशी जुंपलं की पुठ्ठ्याचे स्नायू लाकडासारखे ताठरतात, लघवी कॉफीच्या रंगाची होते. विलायतेत रविवारी सुटी असायची म्हणून तिथले गाडीवान याला सोमवारचा आजार म्हणत. पंढरपुरातल्या टांगेवाल्यांचा सोमवार वारीनंतर उजाडायचा.

चारा-दाण्याचा हिशेब आधी मांडायचा ही या मातीतली जुनीच रीत. शिवाजी महाराजांचं चिपळूणकडच्या पागेतल्या जुमलेदार-कारकुनांना लिहिलेलं पत्र शाळेत शिकवतात ते रयतेच्या काडीला हात लावू नये म्हणून. पण टांगेवाल्याच्या घरात वाढलेला माणूस ते वाचतो तेव्हा त्याला त्यात पागेचा कोठावळा बोलताना ऐकू येतो. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि गवत आत्ताच मन मानेल तसं चाराल तर भर पावसात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि तो दोष तुमच्या माथी येईल, असा त्याचा रोख आहे. रयतेला होणारा त्रास हा त्याच ढिलाईचा पुढचा टप्पा म्हणून येतो.

आता दुसरी बाजू. जुनं ते सगळं सोनं म्हणायला मी तयार नाही, कारण पोटशूळ उठल्यावर काय चालायचं ते मी पाहिलंय. पाखऱ्या चारा सोडायचा. मान वळवून कुशीकडे बघायचा, वरचा ओठ उलटा करायचा, पुढच्या पायानं जमीन उकरायचा. बसायचा, उठायचा, लोळायचा. आबा त्याच्या कुशीला कान लावायचे. आत गुडगुड असली तर चेहरा सैल पडायचा. आत शांतता असली तर ते काही न बोलता नाळ आणायला सांगायचे. नाळ म्हणजे तिरकं छाटलेलं बांबूचं नळकांडं. ओवा, हिंग, सुंठ, काळं मीठ कोमट पाण्यात कालवून, घोड्याचं तोंड वर धरून ते ओतायचं. यातल्या ओव्या-हिंगानं किरकोळ वायूला उतार पडतही असेल. पण डोकं वर ताणून ओतलेलं औषध श्वासनलिकेत गेलं की फुफ्फुसं कामातून जातात, आणि तसे घोडे गेलेही. त्यांच्या मरणाचं खापर पोटशूळावर फुटायचं, नाळ सुटायची.

दुखऱ्या घोड्याला तासन्‌तास पळवणं, पोटावर डाग देणं, नजर उतरवणं, हेही त्यातच आलं. थोडं फिरवावं, लोळून स्वतःला जखमा करू देऊ नये, एवढं आजही सांगतात. पण दमलेल्या जिवाला फरफटत नेऊन पीळ सुटत नाही. आतड्याला पीळ पडलेला घोडा त्या काळी वाचायचा नाही आणि तो पीळ आहे हेही कुणाला कळायचं नाही. घामेजल्या घोड्याला पाणी दाखवायचं नाही, हाही एक कडक नियम होता. उन्हातून आलेला पाखऱ्या डोणीकडे मान ताणायचा आणि आबा त्याला ओढून न्यायचे. आताचं म्हणणं उलटं आहे. जरा दम घेऊ द्या, पण थोडं थोडं, पुन्हा पुन्हा पाजा, कारण घामावाटे गेलेलं पाणी आणि मीठ परत आलं नाही तर आतड्यातला चारा सुकतो. उन्हात राबणारा तट्टू दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी सहज पितो. आबांचा तोबऱ्यातल्या मिठाचा आग्रह बरोबर होता आणि डोणीवरचा नकार चुकीचा.

आज पुतण्याकडे टांगा नाही. दोन घोड्या आहेत, एक बग्गी आहे आणि लग्नसराईत आगाऊ नोंदलेल्या तारखा आहेत. काम कमी झालं असं वाटेल, पण ते विचित्र झालंय. दिवसभर टेम्पोतून प्रवास, संध्याकाळी डीजेच्या भिंतीसमोर दोन-तीन तास एका जागी नाचणं, मध्यरात्री परत. जेवणाची वेळ रोज वेगळी. पूर्वी गावात ठिकठिकाणी दगडी डोण्या होत्या, येता-जाता घोडा तोंड घालायचा. आता मंगल कार्यालयाच्या आवारात घोड्याला पाणी मागितलं तर व्यवस्थापक बिसलेरीची बाटली पुढं करतो. म्हणून पुतण्या घरचं पाणी कॅनमध्ये भरून टेम्पोत ठेवतो. परक्या गावच्या पाण्याला वास आला तर घोडी पीत नाही, आणि न प्यालेली घोडी दुसऱ्या दिवशी लीद टाकत नाही, हे तो अनुभवानं शिकलाय.

आणि वऱ्हाडी! टांग्याच्या घोड्याला कुणी काही खाऊ घालायचं नाही. फार तर एखादी आजी गुळाचा खडा द्यायची. नवरदेवाच्या घोडीला मात्र प्रत्येकाला काहीतरी चारायचं असतं. पेढा, गुलाबजाम, बुंदी, पुरी. कुणी प्रेमानं, कुणी मोबाइलवर व्हिडिओ काढायला. पुतण्यानं बग्गीला पाटी लावली : ‘कृपया घोडीला काही चारू नये.’ एका वरातीत नवरीच्या मामांनी ती पाटी मोठ्यानं वाचली, ‘बरोबर आहे, शिळं चारू नये,’ असं म्हणून मान डोलावली आणि ताजी जिलेबी पुढं केली.

पण आज घोडीचं पोट दुखलं की पुतण्या नाळ शोधत नाही, फोन उचलतो. डॉक्टर येतात, कुशीच्या वर-खाली, डावी-उजवीकडे स्टेथोस्कोप लावून ऐकतात. आबांचा कान जिथं लागायचा तिथंच, फक्त चारही ठिकाणी. नाडी मोजतात, हिरड्यांचा रंग बघतात. नाकातून नळी थेट जठरात घालतात. घोड्याला ओकता येत नसल्यानं साचलेलं पाणी आणि वायू काढायचा तोच एक मार्ग. बोळा बसला असेल तर त्याच नळीतून पातळ पॅराफिन, वेदनेवर इंजेक्शन, शिरेतून सलाईन. पीळ असेल तर शस्त्रक्रियेशिवाय गत्यंतर नाही, आणि ती सोय मोठ्या शहरातच. पण निदान काय झालंय ते कळतं.

जंतांचंही तसंच. आबा पळसपापडी कुटून द्यायचे, ती लागू पडली तर पडली. आतड्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीत घर करून पोटशूळ उठवणारे जंत असतात. आयव्हरमेक्टिन आल्यापासून त्यांचा उपद्रव पुष्कळ उतरला. दातांवर कानस फिरवणारा माणूस आता वर्षातून एकदा येतो. घोड्याची दाढ आयुष्यभर वर सरकत राहते, कडा धारदार होतात, घास नीट चावला जात नाही. लिदीतल्या लांब काड्या पाहून आबांनी दाताकडे बोट दाखवलं होतं, पण कानस चालवणारा हात तेव्हा मिळत नव्हता.

चंदीही बदलली. ओट, जव, कारखान्यात बनवलेल्या गोळ्या पोत्यांतून येतात. पोत्यावर प्रथिनं, चोथा, स्निग्धांश असे टक्के छापलेले असतात. जास्त कामाच्या दिवसांत पुतण्या दाणा वाढवण्याऐवजी तेल वाढवतो, अगदी थोड्यापासून सुरुवात करून. तेलात दाण्याच्या दुपटीहून जास्त ताकद असते आणि ते आंबत नाही. आम्ही करडईच्या मुलखातले, घाण्यावरचं तेल आबाही थंडीत चंदीला चोळायचे. त्याहून मागं जायचं तर कौटिल्यानं अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात उत्तम घोड्याचा शिधा लिहून ठेवलाय. त्यात अर्धवट सुकवलेलं किंवा अर्धवट शिजवलेलं धान्य आहे, तेल-तुपासारखा स्निग्ध पदार्थ आहे, मीठ आहे, आणि गवत-वैरण निराळी सांगितलेली आहे. घोडा बलवान करायचा म्हणून लोक तेव्हाही पुष्कळ काही चारत, अगदी मांसरस आणि सुरासुद्धा. पण वैरणीला सुटी कुणी दिली नव्हती.

ती सुटी आता मिळाली आहे असं मला अकलूजच्या घोडेबाजारात वाटतं. काय एकेक जनावर असतं तिथं! मारवाडी, काठियावाडी, आरशासारखी कातडी, नाचणारे, दोन पायांवर उभे राहणारे. दाव्याशेजारी मालक दिमाखात सांगतो : रोज पाच लिटर दूध, गावरान तूप, बदाम, अंडी. ऐकणारे माना डोलावतात. घोडा मात्र दिवसभर मांडवाखाली उभा, समोर गवताची काडी नाही; पोट सुटेल, बांधा बिघडेल म्हणून चारा मोजूनमापून. आबांच्या कायद्याची ही सरळ उलटी बाजू. राबणाऱ्या घोड्याला निदान कष्ट तरी मिळत होते. चालण्यानं आतडं हलतं. इथं चंदी राजाची आणि काम शून्य.

मागच्या बाजारात पुतण्याच्या शेडपाशी एक तरुण आला. नवी गाडी, नवा घोडा, हौस ओसंडून वाहणारी. घोड्याचं पोट वरचेवर दुखतं म्हणाला. डॉक्टर झाले, काढे झाले, महागातलं खाद्य झालं. मोबाइलमध्ये त्यानं खाद्याच्या पोत्यांचे फोटो काढून आणले होते, एकेक दाखवत विचारू लागला, ‘दादा, यातलं कुठलं चांगलं?’

पुतण्यानं फोटो बघितलेच नाहीत. ‘गवत किती वेळ असतं पुढ्यात?’

‘सकाळ-संध्याकाळ टाकतोच की.’

‘आणि रात्री?’

‘रात्री कशाला?’

‘बरं. लीद कशी असते सकाळी?’

तरुण जरा गोंधळला. ‘लीद गडी काढतो. मी नसतो बघत.’

‘मग असं करा,’ पुतण्या म्हणाला, ‘उद्या गड्याला पाठवा माझ्याकडं. तुम्ही नाही आलात तरी चालंल.’